खासगीपणाचा हक्क

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण आपण सगळेच वापरतो. राज्यशास्त्राच्या वर्गावर मी खासगीपणाच्या कायद्याचा विषय काढला, की पहिल्याच तासाला कोणीतरी विद्यार्थी उभा राहतो आणि हीच म्हण माझ्यापुढे टाकतो. "सर, आमच्यापाशी लपवण्यासारखं आहे तरी काय? दोन एकर ऊस, सोसायटीचं कर्ज आणि एक मोबाइल. ज्यांनी काळे धंदे केले असतील त्यांनी भ्यावं!" प्रश्न प्रामाणिक असतो. कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी या पट्ट्यातील शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले ती. दिल्लीच्या न्यायालयात वकील कशावर भांडतात याच्याशी आपला काय संबंध, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही. तेव्हा आजच्या भाषणाचा बराचसा वेळ मी या एकाच प्रश्नाला देणार आहे.

मी त्या मुलांना उलट विचारतो, की बाबांनो, रात्री झोपताना आपण दाराला आतून कडी लावतो ती काय घरात चोरीचा माल असतो म्हणून? सासरी गेलेल्या लेकीचे पत्र शेजाऱ्याने फोडून वाचले, तर त्या पत्रात 'इकडील सर्व क्षेम आहे' यापलीकडे एक अक्षर नसले तरी आपल्याला संताप येतो. का येतो? बाळंतिणीच्या खोलीला पडदा लावतात, दवाखान्यात डॉक्टर इतरांना बाहेर बसायला सांगतात, जावयासमोर घरातल्या पैशाची गोष्ट कोणी काढत नाही. यात पाप कुठेच नाही. लपवणे निराळे आणि झाकणे निराळे, हा भेद आपल्या घराघरांतून पाळला जातो. कायदा त्या भेदाला उशिरा पोहोचला, एवढेच.

शब्दाचीही थोडी गंमत आहे. सरकारी मराठीत या हक्काला 'गोपनीयतेचा अधिकार' म्हणतात. मला तो शब्द फारसा रुचत नाही. गोपनीय म्हटले की काहीतरी दडवून ठेवले आहे असाच अर्थ कानाला लागतो, आणि मग ती 'कर नाही त्याला डर' वाली म्हण आपोआप तोंडात येते. त्यापेक्षा आपला 'खासगी' हा शब्द बरा. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' अशी दोन स्वतंत्र खाती होती. दौलत म्हणजे राज्याचा पैसा. खासगी म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रीच्या हक्काचे उत्पन्न, त्यात दौलतीने हात घालायचा नाही. अहिल्याबाईंचा पुष्कळसा दानधर्म या खासगीतून झाला. एके काळी ज्यांच्या घरी सरदारकी त्यांनाच खासगी असे. राज्यघटनेने जे केले आहे ते असे, की दोन खणांच्या घरात राहणाऱ्यालाही खासगी आहे आणि दौलतीने तिथे हात घालताना कारण द्यावे लागेल.

आता हे घटनेत लिहिले आहे का? उघड शब्दांत नाही. पण त्यामागे एक कथा आहे आणि ती शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात जरूर सांगावी. आमच्या कुंडल भागाला झडती हा शब्द पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले, कुंडलचे जी. डी. बापू लाड हे त्यातले एक प्रमुख. (हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता; आजचा सांगली जिल्हा तर पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून साताऱ्यातून निघाला.) अवेळी दार ठोठावणे, घरातल्या बायकांना दरडावणे, पेटीतले कागद उपसणे हे त्या पिढीने सोसले. देशभर हेच चालले होते. त्यामुळे १९४७ साली मूलभूत हक्कांचा मसुदा तयार होऊ लागला तेव्हा घराच्या झडतीविरुद्ध संरक्षण असावे हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या वर्षी जे निवेदन दिले त्यात व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवास्तव झडतीपासून संरक्षण हवे अशी तरतूद आहे. कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचाही हक्क होता. उपसमितीने या गोष्टी मान्य केल्या होत्या. परंतु अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांच्यासारख्या कायदेपंडितांनी हरकत घेतली, की यामुळे गुन्ह्यांच्या तपासात अडथळे येतील. आणि हे कलम गळाले. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी ते दुरुस्ती म्हणून पुन्हा आणले. बाबासाहेबांचे म्हणणे पडले, की हे संरक्षण फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण ते घटनेत असणेही उपयुक्त ठरेल. तरीही अखेरीस ते घटनेत आले नाही. स्वराज्य आले, आता पोलीस आपलेच, असा त्या वेळचा विश्वास असावा. तो कितपत खरा ठरला हे पुढच्या खटल्यांतून दिसते.

पहिला मोठा खटला उत्तर प्रदेशातला. खरकसिंग नावाच्या एका इसमावर दरोड्याचा संशय होता. पुरावा नाही म्हणून तो सुटला. पण पोलिसांनी त्याचे नाव आपल्या वहीत कायम ठेवले आणि रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाऊन दार वाजवणे, त्याला उठवणे असे सुरू केले. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९६२ रोजी निकाल दिला. रात्रीची ती घरभेट बेकायदा ठरली. मात्र पाळत ठेवणे चालेल, कारण खासगीपणाचा असा हक्क घटनेत दिलेला नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत लिहिले. ज्याच्या प्रत्येक पावलावर नजर आहे तो मोकळा फिरत असला तरी त्याला स्वतंत्र कसे म्हणायचे, असा त्यांचा आशय होता. हे अल्पमत पुढे पंचावन्न वर्षांनी विजयी झाले.

मधल्या काळातील एक खटला मात्र आपल्या महाराष्ट्राचा आहे, आणि 'आमच्यापाशी लपवण्यासारखं आहे काय' या प्रश्नाचे त्याच्याइतके चांगले उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही. १९६० च्या दशकातली गोष्ट. मधुकर मर्डीकर नावाचे एक पोलीस निरीक्षक रात्री गणवेशात एका गरीब स्त्रीच्या झोपडीत गेले. तिने विरोध केला, आरडाओरडा केला, माणसे जमली. साहेबांचा बचाव असा, की आपण दारूच्या छाप्यासाठी गेलो होतो. खात्याने चौकशी केली, तीत ते दोषी ठरले आणि नोकरीवरून गेले. प्रकरण उच्च न्यायालयात आले तेव्हा त्या बाईचे चारित्र्य पुढे करण्यात आले. असल्या बाईच्या एकटीच्या शब्दावर एका सरकारी अधिकाऱ्याची नोकरी घालवणे बरोबर नाही असे ठरले आणि शिक्षा रद्द झाली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९० मध्ये त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि सांगितले, की स्त्रीची चालचलणूक कशीही असो, तिला तिचे खासगीपण आहे. वाटेल त्याने वाटेल तेव्हा तिच्यावर चाल करून यावे असा अर्थ होत नाही, आणि ती तशी आहे म्हणून तिची साक्ष फेकून देता येत नाही.

बघा, या बाईपाशी बंगला नव्हता, बँकेतला पैसा नव्हता. समाजात मान होता असेही नाही. लपवण्यासारखे तरी काय उरले होते? जे लोकांना ठाऊक होते ते न्यायालयातही उघड बोलले गेले. तरीदेखील झोपडीचे दार तिचे होते. मी वर्गात हा निकाल वाचून दाखवतो तेव्हा म्हण सांगणारा विद्यार्थी बहुधा गप्प होतो. मुली बोलू लागतात.

टेलिफोनचे खटले थोडक्यात सांगतो. मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्यावर एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता. डॉक्टरांच्या संमतीने पोलिसांनी त्यांच्या टेलिफोनला ध्वनिमुद्रणाचे यंत्र जोडले, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फीत पुरावा म्हणून मान्य केली. १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यावर नियम घालून दिले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर केंद्रीय गृहखात्याचे तीन हुकूम रद्द केले आणि टेपलेली संभाषणे नष्ट करा असे सांगितले. सार्वजनिक आणीबाणी नाही, सार्वजनिक सुरक्षेला धोका नाही, मग ऐकले कशासाठी, असा सरळ प्रश्न होता. १८८५ चा टेलिग्राफ कायदा इंग्रजांनी केला, पण त्यातले हे दोन शब्द स्वतंत्र भारतातल्या नागरिकाच्या उपयोगी पडले. कायद्याचा अभ्यास करताना असे योग पुष्कळदा दिसतात.

आता आधारकडे येऊ. देशातले पहिले आधार क्रमांक कोठे दिले गेले? २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या खेड्यात. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः तिथे आले होते. ज्या गरिबाजवळ कोणताही कागद नाही त्याला ओळख मिळावी, त्याचे धान्य, त्याची पेन्शन मधल्यामध्ये कोणी खाऊ नये, हा हेतू चांगलाच होता. त्यात मी खोट काढणार नाही. पण संसदेने कायदा केला तो २०१६ साली. म्हणजे साडेपाच वर्षे कोट्यवधी लोकांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची छबी घेतली जात होती ती संसदेच्या कायद्यावाचून. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी ऐंशी वर्षे उलटलेली असताना, २०१२ मध्ये, याविरुद्ध अर्ज केला. सरकारतर्फे सांगण्यात आले, की १९५४ चा आठ न्यायमूर्तींचा आणि १९६२ चा सहा न्यायमूर्तींचा निकाल बघा. खासगीपण हा मूलभूत हक्कच नाही. आठांचा निकाल फिरवायचा तर नऊ बसावे लागतात. म्हणून नऊ बसले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपण हा जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे.

त्या नवांत नागपूरचे शरद बोबडे होते. चौघांच्या वतीने मुख्य निकालपत्र लिहिले धनंजय चंद्रचूड यांनी. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारने कोणालाही पकडले तरी न्यायालयात दाद मागता येणार नाही असा जो निकाल झाला होता त्यातल्या बहुमतात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. तोही निकाल मुलाने या निकालपत्रात चुकीचा ठरवला. घरात वडिलांचा शब्द मोडणे आपल्याकडे सोपे नाही, हे श्रोत्यांना मी सांगायला नको.

न्यायालयाने कसोटी दिली ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. सरकारला एखाद्याच्या खासगीत हात घालायचा असेल तर आधी त्यासाठी कायदा पाहिजे. मग त्यामागे रास्त हेतू पाहिजे. आणि जेवढे काम तेवढाच हात घातला पाहिजे. मुंगी मारायला मुसळ नको. या कसोटीवर पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, आधार कायदा तपासला गेला. चार विरुद्ध एक अशा मतांनी तो टिकला, पण काटछाट होऊन. सरकारी अनुदान आणि आयकराचा पॅन यांना आधार लागेल. बँकेच्या खात्याला, मोबाइलच्या सिमला सक्ती नाही. आणि शाळेच्या प्रवेशाला आधार सक्तीचा नाही. हे शेवटचे वाक्य मुख्याध्यापकांनी कार्यालयात भिंतीवर लावण्यासारखे आहे. एकटे विरोधी मत चंद्रचूड यांचेच होते.

इथे एक जाणता आक्षेप येतो, आणि तो मला त्या म्हणीपेक्षा मोलाचा वाटतो. एक जुने शिक्षक मला म्हणाले, "अहो, खेड्यात खासगी होतं कधी? कोणाच्या घरी काय शिजलं ते वासावरून कळतं. कोणाच्या मुलीला कोणतं स्थळ आलं हे मुलीच्या आधी पाणवठ्यावर कळतं. मग आता संगणकाला कळलं तर बिघडलं काय?" त्यांचे म्हणणे खरे आहे. खेडे सगळे जाणते. पण ते जाणणे दोन्हीकडून असते. तुमची गोष्ट मला ठाऊक, माझी तुम्हाला. म्हणून आपण दोघेही जपून बोलतो. शिवाय गाव विसरते. पंचवीस वर्षांपूर्वी कोणाच्या हातून काही वावगे घडले, तर पुढे त्याच्या नातवाच्या बारशाला तेच गाव पेढे खाते. संगणक विसरत नाही, आणि त्याची माहिती एकतर्फी असते. ज्या कंपनीला माझी प्रत्येक खरेदी, प्रत्येक फेरी ठाऊक आहे, तिच्याबद्दल मला काय ठाऊक आहे? तिचा मालक कोण हेसुद्धा नाही. तिसरी गोष्ट म्हणजे सांधणे. पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात जमीन, डॉक्टरांच्या वहीत आजार, सोसायटीच्या खतावणीत कर्ज आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात मुले. चार कपाटे, चार किल्ल्या. आता एका क्रमांकाने चारी कपाटे सांधता येतात, आणि मग माणूस त्याला स्वतःलाही दिसत नाही इतका दुसऱ्याला दिसतो.

याचा चटका बसलेले लोक खेड्यांतच आहेत. मोबाइलवर झटपट कर्ज देणारी ॲप निघाली. कर्ज पाच-दहा हजारांचे. पण घेताना फोनमधली सगळी नावे आणि फोटो पाहण्याची परवानगी मागत. माणूस गरजू असतो, 'हो' म्हणून मोकळा होतो. हप्ता थकला की वसुलीवाला त्याच्याशी न बोलता त्याच्या मेहुण्याला, मालकाला, शिक्षकाला संदेश पाठवी. आठ हजारांसाठी अब्रू चव्हाट्यावर! अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की कर्जाच्या ॲपने फोनमधील नावांची यादी आणि फोटो यांना हात लावायचा नाही. कर्ज काढणे हा गुन्हा नव्हता. मग 'डर कशाला' म्हणणाऱ्याने या माणसाला काय उत्तर द्यावे?

माहितीच्या रक्षणासाठी वेगळा कायदा हवा म्हणून न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली. मुंबई उच्च न्यायालयातले हे न्यायमूर्ती आपल्याला दंगलीच्या चौकशीमुळे ठाऊक आहेत. त्यांनी २०१८ मध्ये अहवाल दिला. पुढे मसुदे बदलत गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यातली मुख्य बंधने अठरा महिन्यांच्या मुदतीने लागू व्हायची आहेत. कायद्याचे सार असे. तुमची माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी हवी ते साध्या भाषेत सांगावे, आणि तुम्ही म्हणाल तर मराठीतही सांगावे. दिलेली संमती, जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता यावी. काम संपले की माहिती पुसून टाकावी. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांची खातरीलायक संमती हवी. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत.

ऐकायला बरे वाटते. पण बारकाईने वाचले की काही गोष्टी खटकतात. हा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्या माणसाला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कोणत्याही खात्याला देशाच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठी या कायद्यातून सूट देऊ शकते. अशीच मोठी सूट २०१९ च्या मसुद्यात दिसली तेव्हा खुद्द श्रीकृष्णांनी जाहीर टीका केली होती. ज्या खटल्यातून हा हक्क जन्मला तो सरकारविरुद्धचा होता हे आठवले, म्हणजे ही सूट अधिकच टोचते.

आणि तिसरी गोष्ट माहितीच्या अधिकाराची. महाराष्ट्राने या अधिकारासाठी लढा दिला, २००२ मध्ये राज्याचा कायदा आला, २००५ मध्ये केंद्राचा. त्यात वैयक्तिक माहिती देऊ नये अशी मर्यादा पहिल्यापासून होती. पण जनहित मोठे असेल तर द्यावी, आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, असा उतारा त्याच पोटकलमात होता. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याची मालमत्ता आणि त्याला मिळालेले मेमो मागणारा गिरीश देशपांडे यांचा अर्ज २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडला तो याच पोटकलमावर. नव्या कायद्याने पोटकलमातला तो उतारा काढून टाकला. जनहिताचे दुसरे एक सर्वसाधारण कलम शिल्लक आहे, हे खरे. तरी माहिती अधिकाऱ्याला नकार लिहिणे सोपे झाले. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावे आहेत का हे नावे वाचल्याशिवाय कसे कळणार? झोपडीतल्या बाईसाठी जो हक्क मिळाला त्याच्या आडोशाला कंत्राटदार जाऊन बसू नये, इतके तरी आपण पाहिले पाहिजे. मला विचाराल तर या कायद्यातली ही सर्वांत वाईट दुरुस्ती आहे.

शिक्षक मंडळींसाठी आता थोडे वेगळे बोलतो, कारण खेड्यात सर्वांत जास्त कुटुंबांची माहिती जर कोणाच्या हाताखालून जात असेल तर ती शिक्षकाच्या. जात, धर्म, उत्पन्न, आधार, बँकेचे खाते, अपंगत्व, आईवडील एकत्र राहतात की नाही. सरल, यू-डायस, अपार, एकामागून एक नोंदी. नवा कायदा लागतो तो डिजिटल माहितीला. रजिस्टरातली शाईची नोंद त्यात येत नाही. तीच नोंद संगणकात भरली की येते. म्हणजे शाळेच्या कामापैकी बरेचसे काम या कायद्याच्या कक्षेत जाते आहे. अपारसाठी पालकांकडून संमतिपत्र घेतात ते कोरे सही करून घेण्यासाठी नव्हे. पालक निरक्षर असेल तर त्याला वाचून दाखवावे, नको म्हणाला तर नकार नोंदवावा. शिष्यवृत्तीच्या यादीचा फोटो, त्यात खाते क्रमांकासह, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची पद्धत पडली आहे, ती सोडावी. हुशार मुलांचे अभिनंदन जाहीर व्हावे. नापास झालेल्यांची यादी जाहीर करण्यात कोणाचे भले होते? आधारची झेरॉक्स मागण्याआधी ती खरोखर लागते का ते परिपत्रकात पाहावे. शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेली आधारची प्रत प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावर मिळते, पुष्कळ ठिकाणी ती पुरते. मे २०२२ मध्ये या प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कोणालाही देत सुटू नका' असे पत्रक काढले होते. गैरसमज होतो म्हणून ते दोन दिवसांत मागे घेतले गेले. पत्रक मागे गेले, पण सल्ला वाईट नव्हता.

जनगणनेचे उदाहरण शिक्षकांच्या अंगवळणी पडलेले आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम १५ आहे. प्रगणकाने घेतलेली माहिती कोणाला पाहता येत नाही, आणि ती पुरावा म्हणून न्यायालयातही वापरता येत नाही. ती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा आहे. गुरुजी वही घेऊन दारात आले, की लोक वय, लग्न, घरातली माणसे न कचरता सांगत आले ते या विश्वासावर. २०२७ ची जनगणना कागदाऐवजी मोबाइल ॲपवर घेण्याचे ठरले आहे. साधन बदलले तरी कलम १५ तेच आहे, हे दारात उभे राहून दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे.

हा विषय शिकायला वकिलीची सनद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठीतही मिळतात. मी विद्यार्थ्यांना पुस्तकाआधी एक काम देतो: वर्षभरात आपल्या घरातून आधारची किती झेरॉक्स बाहेर गेल्या, कोणाला दिल्या, कशासाठी, आणि परत किती आल्या हे घरच्यांना विचारून लिहून आणा. शेवटचा रकाना बहुतेकांचा कोरा असतो.

त्यावरच्या चर्चेत एका मुलीने असा प्रश्न विचारला, की त्याचे उत्तर मला कोणत्याच निकालपत्रात सापडले नाही. सात-बारा आता कोणालाही मोबाइलवर पाहता येतो. त्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीचा आणि बँकेचा बोजा असतो. ती म्हणाली, "सर, पाहुणे मला बघायला यायच्या आधी वडिलांचा सात-बारा बघून येतात. बोजा किती ते त्यांना ठाऊक असतं. वडिलांनी ते आईलासुद्धा सांगितलेलं नसतं." कायदा काय सांगतो? जमिनीचा दप्तर खुला असला पाहिजे. नाहीतर बोजा लपवून जमीन विकणारे मोकाट सुटतील, आणि घेणारा गरीब बुडेल. नवा माहितीचा कायदाही, कायद्याने जे जाहीर करावे लागते त्याला लागू होत नाही. हे सगळे मी तिला सांगितले. बोजा आहे एवढेच सर्वांना दिसावे आणि रक्कम फक्त खरेदीदाराला, बँकेला दिसावी अशी सोय करता येईल का, यावर मुलांचे दोन तट पडले. तास संपला तेव्हा फळ्यावर एका बाजूला 'खरेदीदार' आणि दुसऱ्या बाजूला 'बाप' असे दोनच शब्द होते, आणि पुढच्या तासाचे प्राध्यापक दारात येऊन उभे राहिले होते.